आधी माहिती, मग मन: खारघरच्या एका कॅन्सर आधारगटाचं परीक्षण

टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर उपचार आणि संशोधनाचं केंद्र खारघरला आहे. त्यामुळे उपचारासाठी येऊन राहिलेली कुटुंबं इथल्या सोसायट्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत कायम दिसतात. त्यांच्यासाठी आणि ठाणे-नवी मुंबईतल्या रुग्णांसाठी इथली एक छोटी धर्मादाय संस्था आठ शनिवारांचा आधारगट चालवते. वेळ सकाळी साडेदहा ते साडेबारा, फी नाही, एका तुकडीत आठ ते दहा माणसं. संस्थेचं नाव आम्ही मुद्दाम देत नाही. गट लहान आहे आणि ‘अमक्या ठिकाणी जातात’ एवढ्यावरून सोसायटीत आजाराचा बोभाटा होऊ नये, ही तिथल्या सभासदांची इच्छा आहे. जिथे उपचार चालू आहेत त्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारलं की अशा गटांची माहिती मिळते.

आमचं मत आधीच सांगतो. जावं, आणि उपचार संपायची वाट न पाहता जावं. या गटाच्या काही गोष्टी आम्हाला खटकल्या, त्या पुढे सविस्तर येतील. पण एका बाबतीत त्यांनी जे साधलंय ते आजूबाजूला फार कमी ठिकाणी दिसतं. दोन तासांपैकी पहिली पन्नास मिनिटं माहितीची असतात, दहा मिनिटं चहा, मग पाऊण तास मनातलं बोलणं आणि शेवटची पंधरा मिनिटं श्वासाचा व्यायाम आणि निरोप. आधी माहिती, मग मन. हा क्रम आठही आठवडे सहसा मोडत नाही आणि गटाचं बळ त्यातच आहे.

याचं कारण असं की कॅन्सरच्या माणसाला जो घोर लागलेला असतो, त्यातला बराचसा भाग म्हणजे उत्तर न मिळालेले साधे प्रश्न असतात. ओपीडीत तेवढा वेळ नसतो. किमोनंतर दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, चिडचिड होते. घरचे समजतात माणूस खचला. पुष्कळदा ते उलटी होऊ नये म्हणून दिलेल्या डेक्सामिथासोन या स्टिरॉइडमुळे होतं आणि डॉक्टरांना विचारून गोळी सकाळच्या वेळी घेतली की झोप सुधारते. मानेला रेडिएशन झालेला माणूस सहा महिन्यांनी, वर्षाने गळून जातो, कशातच रस राहत नाही. ते नैराश्य असू शकतं, पण थायरॉइड मंदावलेली असू शकते; म्हणून अशा रुग्णांची टीएसएच ही रक्ततपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी व्हायला हवी. हे माहीत नसताना समुपदेशकापुढे नुसतं रडून काय होणार? आणि हे कळल्यावरही जे उरतं, ते खरं मनाचं दुखणं. त्यासाठी चहानंतरचा पाऊण तास आहे.

हा क्रम या संस्थेने शोधलेला नाही. अमेरिकेत १९७७ मध्ये नर्सेसच्या पुढाकाराने रुग्णांसाठी शिकवणीवजा वर्ग सुरू झाले, तिथपासून ही परंपरा आहे. फॉझी आणि सहकाऱ्यांनी मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी सहा आठवड्यांचा, दर वेळी दीड तासाचा गट आखला होता. त्यात आरोग्यशिक्षण, ताण हाताळणं, अडचणींना तोंड देण्याची कौशल्यं आणि आधार असे चार भाग होते. हेल्गेसन यांच्या गटाने १९९९ मध्ये सुरुवातीच्या टप्प्यातला स्तनाचा कॅन्सर असलेल्या ३१२ स्त्रियांवर केलेला अभ्यास तर आमच्या मते प्रत्येक आधारगट चालवणाऱ्याने पाठ करावा. काहींना फक्त माहितीची सत्रं मिळाली, काहींना फक्त आपसांत बोलायची, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. माहितीच्या सत्रांचा फायदा स्पष्ट दिसला. नुसत्या गप्पांच्या गटाचा दिसला नाही. पुढच्या विश्लेषणात असंही आढळलं की ज्यांना घरून पुरेसा आधार नव्हता त्यांना आपसांतल्या बोलण्याने बरं वाटलं, पण ज्यांना घरी भक्कम आधार होता त्यांची स्थिती काही बाबतींत खालावली. म्हणजे ‘चार समदुःखी एकत्र बसवा, बोलू द्या, मन हलकं होईल’ हे सरसकट खरं नाही. आपल्याकडे बहुतेक गट याच समजुतीवर उभे राहतात आणि तीन-चार आठवड्यांत विरतात, म्हणून हे इतकं ठासून लिहितोय.

गटात घेण्याआधी प्रत्येकाशी साधारण पाऊण तास एकट्याने बोलतात. हे काम ऑन्कॉलॉजी नर्स आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट दोघी मिळून करतात. तापमापीचं चित्र पुढे ठेवून गेल्या आठवड्यातला मनाचा त्रास शून्य ते दहाच्या पट्टीवर दाखवायला सांगतात. आकडा चार किंवा त्याहून जास्त आला की पुढची विचारपूस होते: पैसे, प्रवास, झोप, वेदना, घरातले संबंध, देवावरचा राग, काहीही. त्यानंतर पीएचक्यू-९, म्हणजे नऊ प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली. दहा किंवा त्याहून अधिक गुण आले तर गटासोबत स्वतंत्र भेटी सुचवतात. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर ‘अजिबात नाही’ सोडून काहीही आलं, तर त्या माणसाला एकटं घरी पाठवत नाहीत. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाची भेट ठरवतात, नातेवाइकाशी बोलतात आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक फोनमध्ये साठवून देतात. आम्ही पाहिलेल्या मुलाखतींत हा प्रश्न एकदाही घाईने उरकला गेला नाही, आणि त्याबद्दल या दोघींचं मनापासून कौतुक आहे.

याच मुलाखतीत सगळ्यात अवघड गाठ सुटते किंवा सुटत नाही. मुलगा किंवा सून फोन करते: ‘आईला कॅन्सर आहे हे सांगितलेलं नाही. गाठ आहे एवढंच माहितीय. तिला फक्त धीर द्या, तो शब्द काढू नका.’ संस्थेचं उत्तर ठाम असतं. ज्याला आजार माहीत नाही त्याला गटात घेत नाहीत, कारण दहा जणांच्या खोलीत तो शब्द पहिल्या पाच मिनिटांत येणारच आणि असं अचानक कळणं सर्वांत वाईट. पण नकार देऊन फोन ठेवत नाहीत. आधी घरच्यांनाच बोलावतात. त्यांना कसली भीती वाटते ते ऐकतात. मग आईला थेट निदान सांगण्याऐवजी ‘तुम्हाला आजाराबद्दल काय सांगितलंय? आणखी जाणून घ्यायचंय का, की ते मुलांवर सोपवायचंय?’ असं विचारायला शिकवतात. कित्येकदा आईला सगळं ठाऊकच असतं. रेडिएशनच्या वॉर्डाबाहेरची पाटी तिने वाचलेली असते, शेजारच्या बाकावरच्या बाईशी ती बोललेली असते, आणि मुलांना वाईट वाटू नये म्हणून तीच गप्प असते. घरातल्या घरात दोन्ही बाजूंनी चाललेलं हे लपवणं माणसाला फार एकटं करतं. एखाद्याला खरंच जाणून घ्यायचं नसेल तर तो त्याचा हक्क आहे, आणि हेही त्या सांगतात.

दुसरं सत्र किमो आणि रक्ताच्या काउंटचं, म्हणजे रक्तपेशींच्या संख्येचं. या एका सत्रासाठीसुद्धा हा गट मोलाचा आहे. नर्स फळ्यावर एकवीस दिवसांचं चक्र काढते. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान पांढऱ्या पेशी तळाला जातात, त्या पट्ट्याला लाल खडूने रंग देते आणि प्रत्येकाकडून आपापल्या तारखा मोबाइलच्या कॅलेंडरात टाकून घेते. नियम एकच, पण तो तीनदा म्हणवून घेते: ताप १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअसला पोचला की वाट पाहायची नाही, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी कॅज्युअल्टी गाठायची आणि दारातच ‘किमो चालू आहे’ हे सांगायचं. घरी क्रोसिन घेऊन झोपायचं नाही. पॅरासिटामॉलने आकडा उतरतो, संसर्ग आतल्या आत वाढत राहतो आणि या काळात काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. पेशीच कमी असल्यामुळे पू, सूज, लाली अशी नेहमीची लक्षणं दिसतीलच असं नाही. कित्येकदा ताप हीच एकमेव खूण असते. त्यासाठी घरात चालू बॅटरीचा डिजिटल थर्मामीटर हवा. हाताने कपाळ पाहून ताप ठरवायचा नाही.

फाईलही याच सत्रात लावून घेतात. पहिल्या पानावर निदान, औषधांची नावं, ॲलर्जी, शेवटच्या किमोची तारीख, डॉक्टरांचा विभाग आणि घरच्या दोन माणसांचे फोन. त्यामागे बायोप्सीचा रिपोर्ट, मग स्कॅन तारखेच्या उलट्या क्रमाने, मग रक्ताचे रिपोर्ट. साधी गोष्ट आहे, पण रात्री कॅज्युअल्टीतल्या नव्या डॉक्टरला सगळा इतिहास दोन मिनिटांत कळणं आणि न कळणं यात फार मोठा फरक पडतो.

तिसरं सत्र तोंडाचं आणि खाण्याचं. आपल्याकडे तंबाखू, गुटखा, मावा आणि मशेरीमुळे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण इतके आहेत की परदेशी पुस्तकातलं स्तनाच्या कॅन्सरभोवतीचं वेळापत्रक जसंच्या तसं चालत नाही. संस्थेने हे ओळखून या विषयाला पूर्ण सत्र दिलंय. गुळण्यांचं पाणी तिथेच करून दाखवतात: एक कप कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ, नीट विरघळवून, दिवसातून पाच-सहा वेळा, गिळायचं नाही. मीठ जास्त पडलं की सोललेल्या तोंडाची आग होते आणि माणूस गुळण्याच सोडून देतो, म्हणून मोजायचा चमचा वापरायला लावतात. अल्कोहोल असलेलं बाजारातलं माउथवॉश बंद. जबड्यासाठी तीन बोटांची कसोटी: स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून दातांच्या मध्ये जायला हवीत. वैद्यकीय मापात तोंड ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडलं की जबडा आखडल्याचं मानतात. सर्जनची परवानगी मिळाल्यावर आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायच्या आणि हळूहळू एकेक काडी वाढवायची. इथे चूक होते ती घाईने. दुखल्यावर महिनाभर सोडायचं आणि मग जोर लावायचा, याने फायदा होत नाही. रोज थोडंथोडंच करावं लागतं आणि रेडिएशन संपल्यावरही कित्येक महिने चालू ठेवावं लागतं.

खाण्याबद्दलचा भाग चांगला आहे. ताटभर जेवण तीनदा देण्याऐवजी वाटीभर सहा वेळा. पेजेत तूप, नाचणीच्या आंबिलीत ताक, मुगाच्या घट्ट वरणात मऊ भात, अंडं चालत असेल तर पूर्ण शिजलेलं. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन. मात्र एक सुधारणा करायला हवी. काउंट कमी असताना कच्चं काहीच नको, फळसुद्धा नको, असं तिथे सांगितलं गेलं. अशा कडक पथ्याने संसर्ग कमी होतो हे अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. स्वच्छ धुणं, साल काढता येईल अशी फळं निवडणं, सगळं ताजं शिजवणं, उघड्यावरची चटणी-पाणीपुरी आणि कच्चं अंडं टाळणं यावर भर हवा. आधीच अन्नावरची वासना उडालेल्या माणसाचं केळं आणि पपई तोडू नये. आपल्या रुग्णालयाने वेगळं सांगितलं असेल तर अर्थातच तेच पाळायचं.

काढे आणि जडीबुटीचा प्रश्न याच सत्रात निघतो. नर्स कोणालाही हिणवत नाही, म्हणून माणसं पिशवीतून बाटल्या काढून दाखवतात. तिचं सांगणं असं: जे काही घेताय त्याचं नाव फाईलच्या पहिल्या पानावर लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. गुळवेलाचं उदाहरण ती देते. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही जणांना यकृताचा दाह झाल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. पण किमोची पुष्कळ औषधं यकृतातूनच जात असताना त्यावर आणखी भार टाकायचा का, हा प्रश्न ती समोरच्यावर सोपवते. धमकावण्यापेक्षा हे कितीतरी परिणामकारक ठरतं.

आता जिथे हा गट कमी पडतो ते. तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण इतके असूनही चहानंतरचा पाऊण तास बोलता येणाऱ्यांच्या गतीने चालतो. ज्यांची जीभ अर्धी काढलीय, ज्यांचा जबडा गेलाय, ज्यांच्या गळ्यात श्वासाची नळी आहे किंवा नाकात अन्नाची नळी (राईल्स ट्यूब) आहे, ते मान हलवत बसून राहतात. एका कोपऱ्यात पाट्या ठेवलेल्या आहेत, पण पाटीवर लिहून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. यावर उपाय अवघड नाही. प्रश्न विचारल्यावर सगळ्यांनीच दोन मिनिटं गप्प राहून लिहायचं, बोलता येणाऱ्यांनीसुद्धा. मग चिठ्ठ्या वाचायच्या. लाळ गळते म्हणून लाजणाऱ्यांसाठी टिश्यू आणि झाकणाचा डबा प्रत्येक खुर्चीजवळ हवा, मध्ये एकच ठेवून चालत नाही. उठून घ्यावं लागलं की सगळ्यांच्या नजरा वळतात. चहाच्या वेळीही पातळ, कोमट, नळीने पिता येईल असं काहीतरी असावं. बिस्किटांची ताटली फिरत असताना तोंड न उघडणाऱ्या माणसाला काय वाटत असेल, याचा विचार अजून झालेला नाही. हे आम्ही संस्थेलाही सांगितलंय.

दुसरा दोष छापील पत्रकात आहे. ‘आधारगटात येणाऱ्या रुग्णांचं आयुष्य वाढतं हे संशोधनाने सिद्ध झालं आहे’ असं त्यात लिहिलंय. ते वाक्य काढून टाकलं पाहिजे. त्याचा उगम स्पीगल यांच्या १९८९ मधल्या अभ्यासात आहे. स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या ८६ स्त्रियांपैकी ज्या वर्षभर दर आठवड्याला गटात गेल्या त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या आणि बाकीच्या १८.९ महिने. जगभर याचा मोठा गाजावाजा झाला. पण २००१ मध्ये गुडविन आणि सहकाऱ्यांनी २३५ स्त्रियांवर तशीच पद्धत वापरून पाहिली, तेव्हा आयुष्यमानात फरक आढळला नाही: १७.९ महिने आणि १७.६ महिने. पुढे २००७ मध्ये स्पीगल यांच्या स्वतःच्याच दुसऱ्या अभ्यासातही एकूण फरक दिसला नाही. गुडविन यांच्या अभ्यासात जे दिसलं ते मात्र लहान नाही: मनाचा त्रास कमी झाला, वेदना कमी जाणवल्या, आणि ज्या स्त्रिया सुरुवातीला जास्त त्रासात होत्या त्यांना जास्त फायदा झाला. गटात यायला एवढं कारण पुरेसं आहे. आयुष्य वाढवण्याचं आश्वासन दिलं की आजार उलटल्यावर माणूस स्वतःलाच दोषी धरतो, ‘माझंच मन कमकुवत पडलं’ म्हणतो. हे ओझं कोणाच्याही डोक्यावर ठेवू नये.

‘पॉझिटिव्ह राहा’ या सल्ल्यालाही आमची हीच हरकत आहे, आणि इथे गट चालवणाऱ्या सायकॉलॉजिस्टचं मत अगदी आमच्यासारखंच आहे. पाचव्या सत्रात ती हे वाक्य फळ्यावर लिहून विचारते, ‘हे ऐकल्यावर कोणाकोणाला गप्प बसावंसं वाटतं?’ जवळजवळ सगळे हात वर जातात. मग भीतीला जागा देऊन तिला आवर कसा घालायचा ते शिकवते. स्कॅनची तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो. त्यासाठी संध्याकाळची ठरलेली वीस मिनिटं चिंतेसाठी राखून ठेवायची, वहीत एकेक काळजी लिहायची, समोर ‘यावर मला काही करता येईल’ किंवा ‘येणार नाही’ असं नोंदवायचं, करता येण्यासारखं एक काम ठरवायचं. दिवसा काळजी डोकावली तर तिला संध्याकाळची वेळ द्यायची. झोपायच्या आधीची वेळ मात्र यासाठी घ्यायची नाही. हे पहिल्या दोन-तीन दिवसांत जमत नाही आणि बरेच जण तिथेच सोडतात. म्हणून मधल्या बुधवारी प्रत्येकाला एक फोन जातो, ही व्यवस्था फार चांगली आहे.

स्नायू ताणून सैल सोडण्याचा जेकबसनचा व्यायामही शिकवतात आणि इथली काळजी वाखाणण्यासारखी आहे. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हात जोराने आवळायचा नाही, हाडांत आजार पसरलेल्यांनी फक्त सैल सोडण्याचा भाग करायचा, नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी पोट ताणायचं नाही. मोबाइलवरचे तयार ऑडिओ हे सांगत नाहीत.

थकव्याचं चौथं सत्र आटोपशीर आहे. आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहून घ्या, मग चाला; आठवड्यातून तीनदा अर्धा तास मध्यम गतीने, जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे. विश्रांतीने न जाणारा हा थकवा झेपेल तेवढ्या हालचालीने कमी होतो, हे घरच्यांना पटवणं जास्त अवघड जातं. ‘तुम्ही पडून राहा, आम्ही करतो’ ही माया आहे, पण ती स्नायू घालवते.

पैशांच्या सत्राला समाजसेविका येते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ॲडमिशनच्या आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवा, बिल भरल्यावर धावपळ करू नका. रेल्वेत उपचारासाठीच्या प्रवासाला कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. आयकरात उपचारखर्चावर (१९६१च्या कायद्यातलं कलम ८०डीडीबी) ४० हजारांपर्यंत आणि ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत वजावट, पण ती जुन्या करपद्धतीत. सगळं एका कागदावर छापून देतात. तो कागद उत्तम आहे.

घरच्यांचं मात्र दुर्लक्ष होतं. आठांपैकी एकच सत्र त्यांच्यासाठी आहे. रात्री नळी साफ करणारी, डबे भरणारी, नोकरीतून रजा मागून मागून हात टेकलेली बायको किंवा मुलगी बाहेरच्या बाकावर दोन तास बसून असते. त्याच वेळी शेजारच्या खोलीत तिच्यासाठी वेगळा गट बसवणं शक्य आहे. खोली आहे, फक्त आणखी एक प्रशिक्षित माणूस हवा. पुरुष रुग्णही कमी येतात. ज्या तुकडीत त्यांची संख्या बरी होती तिथे निमंत्रण ‘मन मोकळं करायला या’ असं नव्हतं, ‘किमो, ताप आणि खाण्यापिण्याची माहिती’ असं होतं, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

बोलण्याच्या भागाचे नियम मोजके आणि कडक आहेत. खोलीतलं बोलणं खोलीबाहेर जात नाही. न विचारता सल्ला द्यायचा नाही. ‘माझी स्टेज, तुमची स्टेज’ अशी तुलना नाही. रडू आलं तर येऊ द्यायचं, लगेच पाणी पुढे करून थांबवायचं नाही. कोणी फार वेळ बोलत राहिलं की सायकॉलॉजिस्ट ‘काका, तुमचा मुद्दा धरून ठेवते, आधी मावशींचं ऐकू’ असं म्हणून वळवते आणि नंतर खरंच त्या मुद्द्यावर परत येते. सुरुवातीचा आजार असलेले आणि आजार पसरलेले रुग्ण एकाच गटात बसवणं मात्र आम्हाला पटत नाही. ‘उपचार संपल्यावर काय’ या आठव्या सत्रात, ज्यांचे उपचार संपणारच नाहीत त्यांनी काय ऐकायचं? त्यांच्यासाठी वेगळी तुकडी किंवा निदान आठवं सत्र वेगळं हवं.

तुकडी चालू असताना कोणी गेलं, तर पुढच्या शनिवारी त्यांची खुर्ची न हटवता सुरुवात होते, कुटुंबाच्या परवानगीने बातमी सांगितली जाते आणि त्या दिवशीचा माहितीचा भाग पुढे ढकलला जातो. त्या आठवड्यात प्रत्येकाला दोन फोन जातात. कित्येक गट अशा वेळी काहीच न बोलता पुढे जातात आणि उरलेले सभासद ‘मी गेल्यावरही असंच होणार’ असं मनात धरून घरी जातात. म्हणून ही पद्धत इतरांनी उचलावी अशी आहे.

व्हॉट्सॲप ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे, तिथे सभासदांना लिहिता येत नाही. काहींना हे कोरडं वाटतं. आम्हाला योग्य वाटतं. रात्री अकराला आलेला ‘या फळाने कॅन्सर बरा’ किंवा कोणाच्या निधनाचा फोटो किती जणांची झोप उडवतो हे आम्ही जवळून जाणतो. खरी उणीव आठव्या शनिवारनंतर जाणवते. पुढे काहीच नाही. महिन्यातून एक पाठपुरावा सत्र, निदान पहिल्या सहा महिन्यांसाठी, ठेवायला हवं. कारण उपचार चालू असतात तोवर दर आठवड्याला कोणीतरी तपासत असतं, आणि ते संपल्यावर प्रत्येक डोकेदुखीला आजार परतल्याची शंका येते.

जागा तळमजल्यावर आहे, पाठ टेकायच्या खुर्च्या आहेत, स्वच्छतागृह शेजारीच आणि आत पिशवी अडकवायला खुंटी आहे. स्टोमा, म्हणजे पोटावर शस्त्रक्रियेने केलेला मलमूत्राचा मार्ग, असलेल्यांना त्या खुंटीचं महत्त्व सांगायला नको. खिडक्या उघड्या असतात, मास्क दारात मिळतो. काउंट कमी असलेल्यांना व्हिडिओ कॉलवर घेतात, पण आवाज तुटक येतो. मध्ये ठेवायचा एक माइक घेतला तर प्रश्न मिटेल. सत्रं मराठीत होतात, हिंदीत मधूनमधून उलगडून सांगतात. ठाण्याहून येणाऱ्यांना ट्रान्सहार्बरची पनवेल लोकल थेट खारघरला आणते. अशक्तपणा असेल तर रुग्णालयाचा दाखला जवळ ठेवून दिव्यांगांच्या डब्यातून या, आणि परतीला एक वाजायच्या आत निघा, दुपारच्या उन्हात स्टेशनबाहेर रिक्षासाठी उभं राहावं लागतं.

हा गट तुमच्यापासून लांब पडत असेल आणि जवळचा दुसरा शोधायचा असेल, तर पहिल्याच फोनवर विचारा: गट कोण चालवतं आणि त्यांचं शिक्षण काय? आत घेण्याआधी एकट्याने भेटतात का? किती आठवडे, किती माणसं, कुठल्या टप्प्यातले रुग्ण? बोलता न येणाऱ्यांसाठी काय सोय आहे? कोणी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं तर तुम्ही काय करता? शेवटच्या प्रश्नाला चटकन आणि नेमकं उत्तर मिळालं नाही, किंवा बोलण्यात कुठे प्रोटीन पावडर, काढा, सशुल्क शिबिर यांची विक्री डोकावली, तर तिथे जाऊ नका. या गटाची नवी तुकडी दर दोन-अडीच महिन्यांनी सुरू होते. मुलाखतीला येताना फाईल, चालू औषधांच्या पट्ट्या आणि घरचं एक माणूस सोबत आणायचं.